कागद काय म्हणतो आणि कधीपर्यंत



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्याविषयी माझ्या आधीच्या दोन वक्त्यांनी चांगलं सांगितलं आहे. मी थेट विषयाला हात घालतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणतो. पायरी चढायची की नाही हे बऱ्याचदा आपल्या हातात असतं. कागद दारात यायचा की नाही, हे नसतं. तलाठ्याची नोटीस, बँकेचं पत्र, बेलिफाने आणलेलं समन्स, पोलीस ठाण्यातून आलेला निरोप. शहाणा असो की नसो, हे सगळं घरी येतं, आणि त्यावर जे शब्द असतात ते वाचून माणूस घाबरतो किंवा कागद कोनाड्यात ठेवून देतो. दोन्ही वाईट. त्यातही कोनाडा जास्त वाईट.

माझं म्हणणं एवढंच आहे. सामान्य माणसाला कायद्याच्या शब्दाची व्याख्या पाठ करायची गरज नाही. त्याने दोन प्रश्न विचारावेत. या कागदाने माझ्या हातून काय जाऊ शकतं? आणि मला काही करायचं असेल तर कोणत्या तारखेच्या आत? या दोन प्रश्नांची उत्तरं ज्या शब्दाच्या मागे दडलेली आहेत, तेवढेच शब्द मी आज घेणार आहे.

समन्सपासून सुरू करतो. आपल्याकडे एक पक्का समज आहे की नोटीस घेतलीच नाही तर ती आपल्याला लागू होत नाही. बेलिफ गल्लीत दिसला की माणूस शेताकडे निघून जातो. पोस्टमनला सांगतात, ‘परत पाठवा’. कायदा याच्या नेमका उलट आहे. तुम्ही घ्यायला नकार दिला, असा शेरा त्या लिफाफ्यावर आला की कोर्ट समन्स बजावलं गेलं असं धरू शकतं. दाराला समन्स डकवण्याचीही तरतूद आहे. मग तारखेला तुम्ही नाही, तुमचा वकील नाही. दावा ‘एकतर्फी’ चालतो. एकतर्फी म्हणजे कोर्टाने फक्त समोरच्याचं ऐकलं, कारण तुम्ही बोललाच नाहीत. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला साधारण ३० दिवस असतात. समन्स घेतलं असतं तर लेखी कैफियत द्यायला ३० दिवस मिळाले असते, कोर्टाने कारण पाहून ते ९० पर्यंत वाढवले असते. म्हणजे नोटीस चुकवणारा माणूस स्वतःचाच वेळ कापून घेतो.

आणि दावा जिंकणाऱ्यालाही एक शब्द कळत नाही, तो म्हणजे ‘दरखास्त’. आपण बोलताना कुठल्याही अर्जाला दरखास्त म्हणतो. दिवाणी कोर्टात दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज. कोर्टाने बांधापलीकडचे चार गुंठे तुमचे ठरवले, पेढे वाटले, आणि समोरचा काही हललाच नाही. तर कोर्ट आपणहून ते चार गुंठे मोकळे करून देत नाही. दरखास्त द्यावी लागते, आणि ताबा किंवा पैसे मिळवायचे असतील तर त्याला १२ वर्षांची मुदत आहे. निकालाची नक्कल ट्रंकेत जपून ठेवणारी आणि ही १२ वर्षं संपवून टाकणारी घरं मी पाहिली आहेत.

आता सातबारा. हा कागद आपल्याला इतका ओळखीचा आहे की त्याच्याबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, नमुना बारा ही पिकांची नोंद, आणि सातबाऱ्यावरचा प्रत्येक बदल ज्या नोंदवहीतून येतो तो नमुना सहा, म्हणजे फेरफार. जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम १५७ प्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ हे तीन शब्द लोक वाचत नाहीत. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून कोणी मालक होत नाही, आणि नाव गेलं म्हणून मालकी जात नाही. मालकी खरेदीखताने, वारसाने, वाटणीने, कोर्टाच्या हुकूमनाम्याने येते. सातबारा तिची सरकारी नोंद ठेवतो.

मग नाव गेलं तरी बिनघोर राहायचं का? अजिबात नाही. फेरफाराची नोंद झाल्यावर हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. हरकत आली की प्रकरण वादग्रस्त म्हणून चालतं. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यानंतर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील, त्याला ६० दिवस. १५ आणि ६०, हे दोन आकडे घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा असं मी पक्षकारांना सांगतो. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. गावात ते तलाठीच राहतील, आणि मुदतीही तेवढ्याच राहतील.

सातबाऱ्यावर नावासमोर बारीक अक्षरात ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ असतं. एकत्र कुटुंब मॅनेजर, एकत्र कुटुंब कर्ता. थोरल्या भावाचं नाव सगळ्या भावंडांच्या वतीने लागलेलं असतं. तो एकटा मालक आहे असा त्याचा अर्थ नाही. पहिल्या पिढीला हे ठाऊक असतं. दुसरी पिढी ऐकून असते. तिसऱ्या पिढीत थोरल्याची नातवंडं सातबारा दाखवतात आणि म्हणतात, आमच्याच आजोबांचं नाव आहे, तुमचं कुठाय? भांडण त्या तीन अक्षरांचं असतं. तशीच दुसरी अक्षरं, ‘अ.पा.क.’, अज्ञान पालन कर्ता. इथे अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालचं मूल. त्याला कमी कळतं असा काही आरोप नाही. ते मूल पन्नाशीला आलं तरी त्याच्या नावामागे काकाचं नाव पालक म्हणून तसंच असतं. सज्ञान झाल्यावर अर्ज देऊन ते काढून घ्यायचं असतं. अज्ञानाच्या स्वतःच्या मालकीची जमीन पालकाने कोर्टाची परवानगी न घेता विकली असेल, तर सज्ञान झाल्यापासून ३ वर्षांत दाद मागावी लागते. म्हणजे २१ व्या वर्षापर्यंत. त्या वयात आपली पोरं पुण्याला कंपनीत नाहीतर भरतीच्या मैदानावर असतात. सातबारा कोण बघतो?

मयतांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहतात म्हणून शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली. चांगली गोष्ट झाली. पण वारस नोंदीची ही घाई ज्या घरात होते तिथेच एक वेगळा कागद पुढे सरकवला जातो, आणि त्याबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे.

वडील वारले. तीन महिन्यांच्या आत वारसाची वर्दी तलाठ्याकडे द्यायची असते. बहिणीला भाऊ फोन करतो, ‘अक्का, वारसाची नोंद करायची आहे, सहीला ये.’ ती येते. तिला नेतात ते तलाठ्याकडे नव्हे, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. फोटो निघतो, अंगठा घेतात, ‘लिहून देणार’ म्हणून ती सही करते. तो कागद असतो हक्कसोडपत्र. वारस नोंदीला हक्कसोड लागत नाही. वारस म्हणून बहिणीचं नाव आपोआप भावाच्या शेजारी यायला हवं. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा वाटा दिला, केंद्राने २००५ मध्ये दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितलं की हा हक्क जन्माने येतो. २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. हा सगळा कायदा त्या एका सहीने बाजूला पडतो.

बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला तर माझं काही म्हणणं नाही. माहेर टिकवायचं म्हणून जाणूनबुजून सोडणाऱ्या बायका आहेत, तो त्यांचा निर्णय. पण कशावर सही केली ते तिला माहीत तरी असावं. फसवून घेतलेलं नोंदणीकृत हक्कसोडपत्र रद्द करायला दिवाणी दावा लागतो, आणि फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांत. इथे बसलेल्या भावांना मी विचारतो, साधी वारस नोंद करायची असेल तर रजिस्ट्री ऑफिसचा रस्ता कशाला धरता?

खरेदीचे कागद. मराठवाड्यातला आपला हा जिल्हा हळदीचा, म्हणून एकदाच हळदीच्या भाषेत सांगतो. साठेखत ही ओली हळद आहे. खणून काढली, घरात आली, पण शिजवून, वाळवून, पॉलिश केल्याशिवाय ती वसमतच्या मोंढ्यात जात नाही. साठेखत म्हणजे पुढे खरेदी करून देण्याचा करार. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा स्पष्ट सांगतो की अशा कराराने जमिनीत हक्क निर्माण होत नाही. शंभर रुपयांवरची स्थावर मिळकत नोंदणीकृत खरेदीखतानेच विकली जाते. इसार देऊन, साठेखत करून, जमीन कसायला घेऊन वर्षानुवर्षं निर्धास्त बसणारे लोक आहेत. समोरच्याने खरेदीखत द्यायला नकार दिल्यापासून, किंवा करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, ३ वर्षांत दावा नाही केला तर करार हातात राहतो आणि जमीन जाते.

याहून घातक कागद ‘नावाला खरेदी’ हा. पोरीचं लग्न निघालं, किंवा दवाखाना निघाला. सावकार म्हणतो, पैसे देतो, तेवढी खरेदी करून दे, पैसे फेडले की उलटून देतो. उलटून देण्याचा शब्द तोंडी, नाहीतर वेगळ्या चिठ्ठीवर. आता गहाण आणि खरेदी यांत फरक काय, तर गहाण सोडवायला कायदा ३० वर्षं देतो. खरेदी झाली की झाली. शर्तीच्या खरेदीला गहाण मानायचं असेल तर ती परत देण्याची शर्त त्याच दस्तात लिहिलेली पाहिजे. वेगळ्या चिठ्ठीचा उपयोग नाही. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे मराठवाड्यात किती जमिनी गेल्या असतील!

१८७५ मध्ये सुप्याला आणि नगर-पुण्याच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे जाळले. त्यानंतर इंग्रजांनी १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात एक शहाणी तरतूद होती. शेतकऱ्याने द्यायचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे. सावकाराच्या ओट्यावर अंगठा घ्यायची सोय बंद झाली. आपण तेव्हा निजामाच्या मुलखात. तो कायदा आपल्याला नव्हताच. आज आपल्याला २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे. त्याचं कलम १८ लक्षात ठेवा. सावकारीच्या व्यवहारात १५ वर्षांच्या आत गेलेल्या जमिनीबद्दल जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, आणि चौकशीत तथ्य निघालं तर खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा हुकूम ते करू शकतात. सावकार परवानाधारक असो वा नसो.

कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावरचा बोजा आपणहून उतरत नाही. सोसायटीचा इकरार असो की बँकेचं गहाण, बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे जावं लागतं. एवढंच.

इथे मी एक अडचण सांगतो, जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत तुम्हाला सापडणार नाही. आपल्या आजोबांच्या वेळचे कागद उर्दूत किंवा मोडीत आहेत. त्यांवरचं साल फसली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. कुळकायदाही आपला वेगळा आहे. पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा मुंबई कुळकायदा, आपल्याला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा, आणि पैनगंगा ओलांडून पुसदकडे गेलात की १९५८ चा विदर्भाचा. गावातला एखादा वाचक माणूस मोबाइलवर मुंबई कुळकायद्याचं ‘३२-ग’, म्हणजे कुळाने जमीन विकत घेण्याचं कलम, बघून येतो आणि विचारतो, माझं ३२-ग कुठाय? तुमचं ‘३८-ई’ आहे, बाबा. ३२-ग मराठवाड्यात आलंच नाही. जुन्या फारसी-उर्दू शब्दांचा मात्र मला त्रास वाटत नाही. कब्जा, वारस, जप्ती, बोजा हे शब्द शेतकऱ्याला पाठ आहेत. त्याला अडतं ते ‘अभिहस्तांतरण’ आणि ‘निष्पादन’ अशा शब्दांपाशी. हे आपण स्वराज्य आल्यावर, मराठीच्या प्रेमापोटी घडवले आणि कोणाच्याही तोंडात बसवू शकलो नाही.

फौजदारीकडे वळतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८ चं चौथं पोटकलम झालं. ‘चारशेवीस माणूस’ हा शब्दप्रयोग मराठीत राहील, संसदेचा त्याच्यावर अधिकार नाही. आणि त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच कलमं लागतात, एवढं ध्यानात ठेवा.

ठाण्यात गेलात आणि ‘एनसी घेतली’ असं सांगितलं, तर त्याचा अर्थ तुमची तक्रार अदखलपात्र म्हणून लिहिली. अशा गुन्ह्याचा तपास पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय करू शकत नाहीत. म्हणून एनसीची पावती घेऊन वर्षभर ‘पोलीस काहीतरी करतील’ म्हणून वाट बघू नका. दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. मागा.

‘अजामीनपात्र’ या शब्दाने तर घरंच्या घरं हादरतात. जामीन मिळतच नाही असा त्याचा अर्थ लावतात, आणि त्या भीतीचा बाजार करणारे लोक ठाण्याबाहेर आणि कोर्टाबाहेर उभे असतात. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. अजामीनपात्र गुन्ह्यात तो मागावा लागतो आणि द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं. फरक एवढाच. ‘एमसीआर झाला’ म्हणजे पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी सुरू झाली. ती शिक्षा नव्हे, उलट बऱ्याचदा तिथूनच जामिनाचा अर्ज चालतो. गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क येतो. पण दोषारोपपत्र येण्याआधी तो मागावा लागतो. चॅप्टर केस म्हणजे शिक्षा नव्हे, शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई. आणि आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. हे मी श्रोत्यांना जितकं सांगतो तितकंच समोर बसलेल्या पत्रकार मित्रांना.

पंच म्हणून कोऱ्या कागदावर सही करू नका, इतकं सांगून पुढे जातो.

भाषेचा प्रश्न कोर्टांनी कसा पाहिला, याचं एक उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. १९६१ मध्ये नागपूरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी हरिकिसन नावाच्या माणसाला प्रतिबंधक स्थानबद्धतेत टाकलं. कारणं दिली ती इंग्रजीत, टंकलिखित १४ पानं, १३ वर्षांच्या हकीकती. त्याने सांगितलं, मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या. अधिकारी म्हणाले, पोलिसांनी तोंडी समजावून सांगितलं आहे. उच्च न्यायालयाला ते पुरेसं वाटलं. सर्वोच्च न्यायालयाला नाही. १९६२ मध्ये त्यांनी स्थानबद्धता बेकायदा ठरवली. ज्याला उत्तर द्यायचं आहे त्याला समजेल अशा भाषेत आणि लिपीत कारणं द्यायला हवीत; १४ पानं कानावर घालून माणूस उत्तर कसं देणार? वरळीतल्या एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच अटकेला लावलं. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून, कोठडीसाठी कोर्टापुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी तरी लेखी द्यायची.

आपल्या राज्यात १९९८ पासून तालुका आणि जिल्हा कोर्टांची भाषा मराठी आहे. तरी दावा इंग्रजीत टाइप होतो, कारण आम्हा वकिलांच्या कॉम्प्युटरमध्ये जुना नमुना इंग्रजीत पडलेला असतो. मराठीत केला तर ‘सदरहू इसमाने उपरोक्त नमूद मिळकतीबाबत’ अशी सुरुवात होते. पक्षकार त्याच्याच दाव्याचा कागद घेऊन मला विचारतो, यात काय लिहिलंय? हा प्रश्न त्याला विचारावा लागतो, यात त्याचा दोष नाही.

दोन सूचना फक्त. पहिली वकिली करणाऱ्या मित्रांना आणि महसूल खात्याला. नोटिशीचा मसुदा कायद्याला हवा तसा ठेवा, पण खाली तीन ओळी बोलीभाषेत टाका: हा कागद कशाबद्दल आहे, तुम्ही गप्प बसलात तर काय होईल, आणि कोणत्या तारखेपर्यंत कुठे जायचं. याला कुठल्याही कायद्यात दुरुस्ती लागत नाही, शासन निर्णयही लागत नाही.

दुसरी तुम्हा सगळ्यांना. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायालयाच्या आवारातच बसतं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतली माणसं यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. इतरांना ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. फोन करायचा असेल तर १५१०० हा नंबर आहे. लोकअदालतीत तडजोड करायला सांगितलं तर जरूर विचार करा, कोर्ट फी परत मिळते. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी तो मोठ्याने वाचून घ्या. घरी कोनाड्यात ठेवलेला कागद असेल तर उद्या सकाळीच काढा, त्यावरची तारीख बघा, आणि या.